हे चित्र कोणाचेही नाही

आई, तुझ्या कपाळावर आता कुंकू आहे. चांगलं ठसठशीत, आणि नाकात नथ. पदर डोक्यावर ठेवलाय, पण तुझ्या विटकरी सुती लुगड्याचा नाही, हिरव्यागार जरीकाठाचा. चष्मा काढून टाकलाय. गालावरचे देवीचे वण पुसलेत, रंग दोन हात उजळवलाय, आणि तुला हसवलंय. तुझं चित्र असलेला मसाल्याचा हा नवा पुडा बाजारात आला आणि उंब्रजच्या स्टँडसमोरच्या किराणा दुकानात दोरीला टांगलेला धाकट्यानं पाहिला. तिथूनच त्यानं मला फोन केला. मागं एसटीचे हॉर्न वाजत होते, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता. "आक्का, ह्यांनी आयला कुंकू लावलंय गं! नोटीस पाठीव ह्यास्नी. उद्याच्या उद्या पाठीव." मी म्हटलं, "बघते." वकील 'बघते' म्हणाली की तिला काहीतरी झाकायचं असतं, हे धाकट्याला ठाऊक नाही. तो बिचारा 'बरं' म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

नोटीस मी पाठवणार कशी? ज्या करारानं तुझं चित्र हा पुडा काढणाऱ्या कंपनीकडे गेलं, तो धाकट्याच्या बाजूनं मीच तयार केला. आणि त्यात माझ्या हातानं एक वाक्य लिहिलं आहे, की हे चित्र कोणत्याही जिवंत अथवा मृत व्यक्तीचे नाही, ते काल्पनिक आहे. खाली 'खात्रीपूर्वक निवेदन' असे शब्द आहेत, धाकट्याची सही आहे, आणि त्या निवेदनाला दुजोरा म्हणून माझीही. तू कोणी नव्हतीस असं मी लिहून दिलंय, आई. गेले कित्येक दिवस मी हे वाक्य मनात उलटसुलट करून बघते आहे. कुठून तरी त्याचा दुसरा अर्थ निघेल असं वाटतं, पण निघत नाही. वाक्य चोख आहे. मी चोख वाक्यं लिहिते म्हणूनच लोक माझ्याकडे येतात.

मी सांगलीत, विश्रामबागेत वकिली करते एवढं तुला ठाऊक होतं. कसली वकिली ते तुला कधी नीट सांगता आलं नाही. तू शेजारणींना सांगायचीस, "आमची पोरगी कोर्टात असती." कोर्टात मी क्वचित जाते. माझं काम नावांचं आणि पाट्यांचं. कुणाच्या लोणच्याचं नाव कुणी वापरायचं, पंपावरच्या घोड्याचं चिन्ह कुणी छापायचं, भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड करायची तर कशी, आणि दोन भाऊ वेगळे झाले की वडिलांच्या फोटोसकट दुकानाची पाटी कुणाकडे जाणार. या शेवटच्या भांडणात तर आपल्या भागाचा हात कुणी धरणार नाही. दोघंही पाटीवर बापाचा फोटो लावतात, दोघंही खाली 'आमची कोठेही शाखा नाही' लिहितात, आणि समोरासमोर बसून एकमेकांच्या गिऱ्हाइकाकडे डोळे वटारतात. मी त्यांना समजावते की चेहऱ्यालाही मालकी असते, तो जपावा लागतो. फी घेऊन समजावते.

खरं म्हणजे हे सगळं मला तुझ्यामुळेच पहिल्यांदा कळलं. भांड्यांवर नाव घालणारा गल्लीत यायचा तेव्हाची गोष्ट. तू नवा डबा, नवं पातेलं घेऊन त्याच्यासमोर बसायचीस. तो ठोकणी हातात धरून विचारायचा, "मालकांचं नाव सांगा." सगळ्या बायका नवऱ्याचं नाव दुसरीकडून सांगवून घ्यायच्या, स्वतः लाजायच्या. तू म्हणालीस, "मालक काय भांडी घासत्यात व्हय? माजं घाल." तो माणूस बघतच राहिला. आबा ओट्यावर बसून हसत होते. आपल्या घरातल्या झाडून सगळ्या भांड्यांवर तुझं नाव आहे, माझ्या स्वयंपाकघरातही त्यातली चार-दोन आहेत. लग्नकार्याला शेजारीपाजारी गेलेली भांडी त्या नावानं परत यायची. आणि आपली भांडी ज्या घरांत जातच नव्हती त्या घरांबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस.

त्याच घरांतली पोरं मसाला न्यायला मात्र यायची. उन्हाळ्यात तुझ्या स्वयंपाकघरात उभं राहायची सोय नसे. मिरची भाजायला घेतली की आम्ही ठसकत बाहेर पळायचो. तू पदर नाकावर ओढून आतच. कांदा वाळवून तळलेला, सुकं खोबरं, लसूण, धणे, आणि शेवटी ते सगळं एकत्र कांडून हातानं मळायचं. तुझे तळहात आठ-आठ दिवस भगभगायचे आणि तू ते ताकात बुडवून बसायचीस. मला अजून ते दिसतं. तू पातेल्यात हात घालून बसली आहेस, चष्म्यावर मिरचीची भुकटी आहे, आणि कपाळ घामानं चमकतं आहे. मोकळं कपाळ.

त्या कपाळावरून लोक तुला हटकायचे. एकदा आपण कराडच्या एसटीत बसलो होतो, शेजारच्या म्हातारीनं लय कळवळून विचारलं, "बाई, मालक कवा गेलं गं?" तू म्हणालीस, "गेलं न्हाईत, म्होरल्या शिटावर बसल्यात." आबांनी मागं वळून त्या म्हातारीला हात जोडले. मी खिडकीकडे तोंड करून हसत होते. म्हातारी ओशाळली, मग थोड्या वेळानं तिनं पुन्हा तोंड उघडलं, "मग लावत का न्हाईस?" तू सरळ सांगितलंस, "आमी बौद्ध हाय. माज्या आयनं दीक्षा घेतली तवा पुसलं, ते मी कशाला परत लावू?" कराडला उतरताना म्हातारीनं तुला आपल्याजवळचे दोन पेरू दिले आणि तू ते घेतलेस. आपल्यातल्याही कितीजणी लावत होत्या, तू त्यांना कधी नाक मुरडलं नाहीस. पण स्वतःपुरतं तुझं ठरलेलं होतं, आणि ते विचारणाऱ्याला भर एसटीत सांगायची तुला भीती वाटली नाही.

धाकट्यानं मसाला पुड्यांत भरून विकायला घेतला तेव्हा त्यानं पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला घरी आणलं. तुझं चित्र पुड्यावर घालायचं हे त्याच्या डोक्यातलं. तू आधी खवळलीस. "मसाला इकायचा सोडून माजं तोंड काय इकतोयस?" पण धाकट्यापुढे तुझं कधी चाललंय? स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तू आंबलेलं तोंड करून बसलीस आणि पेंटर काढू लागला. चित्र होत आलं, तशी त्यानं सवयीनं लाल रंगात ब्रश बुडवला. "मावशी, टिकली काढू न्हवं? बरं दिसंल." तू म्हणालीस, "हाय तशी काढ. न्हाईतर काढूच नगं." पेंटरनं ब्रश धुतला. मग तू माझ्याकडे वळलीस. मला नुकतीच सनद मिळाली होती, मी शहाणपणानं दारात उभी होते. "तू शिकल्याली हायस. ह्ये पोरगं कायबी करंल, तू ध्यान ठेव." तुझी एवढी एकच अट होती, आणि ती तू माझ्यावर सोपवलीस. अशा तोंडी अटीला माझ्या धंद्यात फार किंमत आहे. दोन साक्षीदार असले तर मी ती कुठंही उभी करून दाखवीन. साक्षीदार तीन होते, मी धरून.

तू गेल्यावर धाकट्यानं धंदा वाढवला. सातारच्या एमआयडीसीत शेड घेतली, कांडपाची मोठी यंत्रं आणली. मी त्याची कंपनी करून दिली, तो आणि त्याची बायको संचालक, आणि तुझ्या चित्राचा ट्रेडमार्कही माझ्याच हातानं नोंदवला. तेव्हा रजिस्ट्रीनं काही विचारलं नाही, मीही आपणहून सांगितलं नाही, बाईचं चित्र म्हणून नोंदलं गेलं. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मिरचीच्या भुकटीनं धाकट्याच्या छातीचा ताबा घेतला. डॉक्टर म्हणाला, धंदा ठेवा नाहीतर फुप्फुसं ठेवा. त्याच्या मुलींना मसाल्यात रस नाही, का असावा? एक मोठी कंपनी विकत घ्यायला पुढं आली आणि धाकट्यानं सगळं माझ्यावर टाकलं. "आक्का सांगंल तिथं सही." हे वाक्य त्यानं त्या लोकांसमोरही म्हटलं आणि ते हसले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बोलणी सातारच्या हायवेवरच्या एका हॉटेलात झाली. कंपनीची दोन माणसं, जाहिरातीचं बघणारी एक पोरगी आणि त्यांचा वकील. माणसं वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. शेडमधल्या सगळ्या बायकांना कामावर ठेवायचं त्यांनी न मागता कबूल केलं. चहा येईपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. त्यांच्यातल्या एकानं आपलं आडनाव विचारलं. आपल्या आडनावावरून काही कळत नाही, गावाचं आडनाव आहे, 'कर' लावलेलं. मग त्यानं विचारलं, "मूळचे कुठले?" मी म्हटलं, "उंब्रज." "म्हणजे चांगली वतनदार मंडळी असणार तुम्ही," असं म्हणून तो मोकळा झाला. मी खोटं बोलले नाही, आई. नुसती हसले. तिथंच पाय घसरला होता, हे आता कळतं.

मग पुड्याचा विषय निघाला. जाहिरातीचं बघणारी पोरगी मोठी गोड होती, माझ्या भाचीच्या वयाची. म्हणाली, "मॅडम, चित्र तेच ठेवू, फक्त थोडं घरंदाज करू. पाटलीणबाई वाटली पाहिजे. आत्ता कपाळ मोकळं आहे ना, लोकांना विधवा वाटते." त्यावर त्यांचा वकील पुढं झाला. "ही कुणी खरी बाई आहे का? असेल तर सगळ्या वारसांची लेखी संमती लागेल, बदलांसकट. उद्या कुणी येऊन म्हणायला नको, आमच्या आईचं तुम्ही काय केलंत." प्रश्न अगदी बरोबर होता. त्याच्या जागी मीही तोच विचारला असता. कायदा म्हणतो, गेलेल्या माणसाला वीस वर्षं झाली नसतील तर त्याच्या घरच्यांना विचारावं. तुला अजून वीस व्हायची आहेत. कायद्याच्या लेखी तू अजून पुरती गेलेली नाहीस.

धाकटा तेव्हा खोलीत नव्हता. त्यांच्या इंजिनिअरला भाजणीचं यंत्र दाखवायला शेडवर गेला होता. मी एकटीच होते. मला म्हणता आलं असतं, की हो, ही माझी आई, ती कुंकू लावत नव्हती आणि त्याचं कारण हे असं. एवढी चार वाक्यं. तू ती एसटीत अनोळखी म्हातारीला सांगितली होतीस. मी कोट घालून, एसी खोलीत, माझ्याच पक्षकाराच्या बाजूनं बसलेली, आणि पुढ्यातले कागद सारखे करत राहिले. वाटलं, आत्ता या सगळ्यांचे चेहरे जरासे बदलतील. बोलतील नेहमीसारखंच, पण बदलतील. वाटलं, सौदा मोडेल, मग धाकट्याच्या छातीचं काय? मी म्हटलं, "नाही हो. पेंटरनं मनानं काढलेलं चित्र आहे." वकील म्हणाला, "मग सोपंच झालं. तेवढं निवेदन घाला." मी घातलं. धाकटा परत आला, त्याच्या शर्टाला मिरचीचा वास होता. करार इंग्रजीत होता. मी जिथं जिथं बोट ठेवलं तिथं तिथं त्यानं सही केली, आणि त्या पानावरही केली.

स्वतःची समजूत घालायला मी कमी पडले नाही. वकिलीचा हाच तर फायदा. मी मनाशी म्हटलं, चित्र कोणाचंच नसेल तर ते आईचंही नाही. मग कुंकू लागलं ते त्या कोणाच्याच नसलेल्या बाईला लागलं, आईला नाही लागलं. उलट मी आईला त्यातून सोडवून घेतलं. विश्रामबागेतल्या घरी पोचेपर्यंत मला हे पटलंही होतं. जेवण गेलं, झोपही लागली.

आज धाकटा सांगलीला आला. रविवार असल्यानं ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. जिना चढून तो धापा टाकत बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "झाली का नोटीस?" मी त्याला ते पान काढून दाखवलं आणि मराठीत वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"म्हंजी ती आपली आय न्हाई?"

"कागदावर न्हाई."

"मग कागदावर कोण हाय?"

"कोण न्हाई."

तो बराच वेळ खोकला. मला वाटलं आता चिडेल, ओरडेल. मी त्याची वाटच बघत होते म्हण. पण तो हळू आवाजात म्हणाला, "मला इचारायचंस तरी. मी सांगितलं असतं, आमी बौद्ध हाय, आमची आय लावत न्हवती. घ्यायची तर हाय तशी घ्या. मला कुणाची चोरी हाय?"

मी म्हटलं, "आरं, सौदा मोडला असता."

"तुला काय म्हाईत? तू सांगितलंसच न्हाई की त्यास्नी."

ती गोड पोरगी कदाचित 'बरं' म्हणाली असती. चष्म्यासकट, वणांसकट ठेवलं असतं तुला. नसतंही ठेवलं. ते आता कधीच कळायचं नाही, कारण मी त्यांना नाही म्हणायची संधीच दिली नाही, त्यांच्या वतीनं मीच नाही म्हणून बसले.

मग मी त्याला पुढचं समजावलं. त्याला दुसरा वकील करावा लागेल, सातारचा एखादा. तो वकील सांगेल की चित्र तुझंच आहे, अख्खं उंब्रज साक्षीला उभं राहील, धाकट्याला इंग्रजी कागद वाचता येत नव्हता आणि निवेदन खोटं होतं. "खोटं कुणी लिवलं म्हणून सांगायचं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "माझं नाव सांगायचं." त्यावर कंपनी माझ्यावर दावा लावील, सनदेवरही येईल, हेही सांगितलं. तो मान हलवत राहिला. "तुज्या इरोधात मी वकील लावू? आयनं मला जोड्यानं हाणलं असतं." मी म्हटलं, "तिनं आधी मला हाणलं असतं." तो हसला नाही. चहा घेतला नाही. जिन्यात एकदा थांबला, खोकला, आणि गेला. मी खिडकीतून बघत होते, रिक्षा मिळेपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही.

तो गेल्यावर मी कंपनीच्या वकिलाला पत्र लिहिलं. चित्र माझ्या आईचं आहे, ती बौद्ध होती आणि कुंकू लावत नव्हती, हे मला निवेदन लिहिताना ठाऊक होतं, माझ्या भावाला त्या मजकुराची कल्पना नव्हती, आणि दोष सर्वस्वी माझा. शेवटी विनंती केली की चित्र पहिल्यासारखं करावं. ते पाठवून दिलं आहे. उत्तर काय येईल सांगता येत नाही. माझी सनद राहील की जाईल, तेही सांगता येत नाही. ते पत्र लिहायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ हे लिहायला लागतंय, आणि हे पाठवायचं कुठं?

एक गोष्ट त्या पत्रात नाही. धाकट्यालाही ती सांगितलेली नाही. छापायच्या आधी कंपनीनं नव्या पुड्याचा नमुना मला दाखवायला पाठवला होता. हरकत असेल तर कळवा, असं वर लिहिलं होतं. तेव्हा अडवता आलं असतं. मी तो टेबलावर उभा केला आणि बघत बसले. मला शाळेतला पालकांचा मेळावा आठवला. सगळ्यांच्या आया पुढच्या सतरंजीवर ओळीनं बसलेल्या, जरीचे पदर, कपाळं भरलेली, आणि तू दाराशी उभी. बाईंनी बसा म्हटलं तरी उभीच. मी तुझ्याकडे बघितलं नाही, ओळखच नसल्यासारखी पाटीवर बघत राहिले. त्या पुड्यावरची तू त्या ओळीत सहज बसली असतीस. कुणी काही विचारलं नसतं.

मला बरं वाटलं, आई. तसाच नमुना पुढं ठेवून मी दुपारचा चहा प्याले आणि 'हरकत नाही' असं कळवून टाकलं. वाईट वाटलं ते धाकट्याचा फोन आल्यावर.